बेडकाचे दात

मंगळवार, ६ मे

आमच्या घराण्याचा कोरीव खांब आडवा झाला. क्रेनवाला तरुण होता, पण हात जपून चालवत होता. बुंध्याशी लाकूड इतकं भुसभुशीत झालंय की बोट सहज आत जातं. एखाद्या वादळात बागेतल्या बाकांवर कोसळला असता आणि मग पेपरात आमचं नाव आलं असतं. आता ताडपत्रीच्या मांडवात उताणा निजवलाय. उभा होता तेव्हा मान वर करून बघायचो. आज आजारी माणसाच्या खाटेभोवती फिरावं तसा त्याच्याभोवती फिरलो.

पालिकेच्या लिंडक्विस्टबाईंना रोजच्या कामाची नोंद हवी आहे: तडे, ओल, कीड, रंगाचे थर. ती त्यांच्यासाठी. बाकीचं इथे लिहीन. संध्याकाळी खोलीवर दुसरं करायला काही नाही. मुलगी, रोवेना, फोनवर असते आणि टीव्हीवर नुसता बेसबॉल.

आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न: "बेडूक कसा आहे?"

"हिरवा आहे. बरा आहे."

"आणि वरचा डोमकावळा?"

"चोच सैल झालीय."

"होणारच. त्या शहरात इतकी वर्षं राहिले असते तर मी पण सैल झाले असते. लवकर घरी आण त्यांना, सायरस. मी थांबलेय."

गुरुवार, ८ मे

शहराने आमच्या खांबाला किती वेळा रंगवलंय ते मोजायचं मी सोडून दिलं. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली वेगळा हिरवा. कुणातरी माळ्याकडे कुंपणाचा रंग उरला की खांबाला लावत असावेत. आम्ही दोघं वाफ देऊन खरवडतो. खालचा देवदार अजून लालसर आहे, आणि वास येतो. म्हातारं लाकूड असं वास सोडायला लागलं की मला बरं वाटतं.

लोक मांडवाच्या दोरीपाशी येऊन उभे राहतात. एका बाईने विचारलं, "याची पूजा करता का तुम्ही?" रोवेना म्हणाली, "नाही हो. दारावर नावाची पाटी असते ना, तसं आहे हे. फक्त उंच." मी इतक्या वर्षांत इतकं सोपं उत्तर दिलं नाही.

तिला बेडकाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना लांबीचे, म्हणजे भेगा बुजवायच्या लुकणाचे, गोळे सापडले, मुठीएवढे. आत लाकूड सपाट कापलेलं. ती म्हणाली, "इथे काहीतरी उभं होतं." मी म्हटलं, डोळ्यांचे फुगवटे असतील, बेडकाचे डोळे वरच असतात. ती म्हणाली, "डोळे खाली आहेत ना पण." आणि पुन्हा खरवडायला लागली.

रविवार, ११ मे

सुट्टी. ऑर्विलचा फोन आला. ऑर्विल म्हणजे माझ्या बायकोचा, आयरिसचा, धाकटा भाऊ, आणि लांडगा घराचा, म्हणजे त्यांच्या कुळाचा, आताचा प्रमुख.

"काय दाजी, आमचा खांब कसा आहे?"

"तुमचा खांब जुन्या गावात शेवाळाखाली आहे. हा आमचा."

"असू दे, असू दे. पण आमच्या खांबाला जरा हळू हात लावा. गुदगुल्या होतात त्याला."

हे असं चालतं. जुन्या गावात किनाऱ्यावर दोन खांब होते, एक आमच्या बेडूक घराचा, एक त्यांच्या लांडगा घराचा. सगळा गाव मासळीच्या कारखान्यावर कामाला गेला असताना एक जहाज आलं आणि त्यातल्या लोकांनी एक खांब बुंध्यापासून कापून नेला. दुसरा पुढे आपसूक पडला. नेलेला कुणाचा आणि पडलेला कुणाचा, यावर माझी आई आणि ऑर्विलची आई जन्मभर भांडल्या. एकाच चर्चमध्ये जायच्या, पण वेगवेगळ्या दाराने. शहराने अखेर खांब परत द्यायचं ठरवलं तेव्हा बागेतली पाटी बघितली. पाटीवर डोमकावळा आणि बेडूक. आमच्या लोकांत दोन बाजू: बेडूक घर डोमकावळ्याच्या बाजूचं, लांडगा घर गरुडाच्या. प्रश्न मिटला. आईने करारावर सही केली त्या दिवशी ऑर्विलची आई हयात नव्हती, याचं आईला वाईट वाटलं. तिला दाखवायची होती सही.

आयरिस म्हणते, "एकीकडे सासू, एकीकडे भाऊ. मी आपली स्वयंपाकघरात बरी."

खांब शरद ऋतूत गावी पोहोचला की मोठं जेवण घालायचं आहे. यजमान आम्ही. माझ्यानंतर खांब बहिणीच्या मुलाकडे जाणार, आमच्यात घर आईकडून चालतं. भाचा फिनिक्सला एसी दुरुस्त करतो. त्याला मागच्या वर्षी खांबाचा फोटो पाठवला तर त्याने अंगठा पाठवला. रोवेनाने माझे हात घेतलेत, पटाशी धरते ती माझ्यासारखीच. पण घर तिचं आयरिसचं, लांडग्याचं. काय करणार.

गुरुवार, १५ मे

बेडकाचं तोंड साफ केलं. म्हणजे रोवेनाने केलं. ओठांमधली लाल लांबी टवके टवके निघाली आणि आत दात दिसले. एक सबंध ओळ, कोपऱ्यात सुळे.

"बाबा," ती म्हणाली, "बेडकाला दात असतात?"

मी म्हटलं, जुने कारागीर मनात येईल ते करायचे. कुणी माशालासुद्धा भुवया दिल्यात. ती म्हणाली, "हो, बघितल्यात मी." आणि पटाशी खाली ठेवली. मनगट दुखतंय म्हणाली.

लिंडक्विस्टबाईंनी फोटो काढले. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "मी लाकडाबद्दल सांगू शकते. प्राणी कुठला ते तुम्ही सांगायचं." शहाणी बाई आहे.

शुक्रवार, १६ मे

पाऊस. रोवेनाचं मनगट अजून दुखतंय. मी बुंध्याची कुजकी बाजू एकट्याने कोरून काढली. डॉक्टरकडे जा म्हटलं तर जात नाही.

सोमवार, १९ मे

पोरीचं मन कामात नाही. नुसती बाकावर बसते. दुपारी कुठूनतरी गरम सूप आणि तळलेला पाव घेऊन येते, मला वाढते, मी संपवेपर्यंत उभी राहते. स्वतः नंतर खाते. कालपासून आईशी फोनवर बोलताना बाहेर जाते. कुणी मुलगा असेल तर सरळ सांगावं. तिशीची झाली, मी काय बोलणार आहे?

मंगळवार, २० मे

चोच काढली. ती मूळची नाहीच. देवदार नाही, कसलंतरी पाइन, आणि यंत्राने कापलेलं. जुनी चोच गळून पडल्यावर शहराने सरळ ठोकून दिली असणार.

तिच्यामागे जुनी खाच आहे. हाताने पाडलेली, स्वच्छ. मी बोट घालून बघितलं, मग पट्टी घालून बघितलं, मग सावलीत बसून कॉफी प्यायलो आणि पुन्हा बघितलं. डोमकावळ्याची चोच सरळ पुढे येते, तिचं कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, आडवं बसतं. ही खाच वरून खाली तिरकी जाते. तिच्यात बसणारी चोच पुढे आली की खाली वळलीच पाहिजे. मी टाकाऊ लाकडाचा तुकडा घेऊन एक कच्ची चोच तासली, खाचेला जशी हवी तशी. बसवली. हाताने दाबायचीही गरज पडली नाही.

गरुड आहे.

वर गरुड, तर खालचाही गरुडाच्या बाजूचा. डोक्यावर कान होते, तोंडात दात आहेत. हे लिहायला मला इतका वेळ लागला. रोवेनाला मी काही सांगितलं नाही. ती माझ्यामागेच उभी होती.

गुरुवार, २२ मे

दोन दिवस मी दुसऱ्याच गोष्टींवर काम केलं.

लिहूनच टाकतो. जुनी खाच भरायची, नवी आडवी पाडायची, सरळ चोच बसवायची. दातांवर पुन्हा लांबी, डोक्यावर पुन्हा लांबी, हिरवा रंग. उभा केल्यावर इतक्या उंचीवर कोण बघतंय? करार आमच्या नावावर आहे. लिंडक्विस्टबाई तोंड उघडणार नाहीत, त्यांनीच सांगितलंय की प्राणी मी सांगायचा. आई एकोणनव्वदची आहे. तिला एक हिवाळा तरी दारासमोर तो बघू दे. पुढचं पुढे.

दुपारी मी पाइनची ती सरळ चोच हातात घेऊन बसलो होतो. रोवेना म्हणाली, "बाबा, ती फेकून द्या ना."

माझा तोल गेला. सगळ्या बागेला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं, "तू यात पडू नकोस! मनगट दुखतं म्हणून बसून असतेस आणि वर मला शिकवतेस. हे तुझं घर नाही!"

ती रागावली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "माझंच आहे, बाबा. कानांची जागा बघितली त्या दिवसापासून तोंड दाबून बसलेय मी. तुम्ही सांगाल म्हणून."

दोरीपलीकडे दोन म्हातारे शेंगदाणे खात उभे होते. ते हळूच निघून गेले.

मी चोच कचऱ्याच्या पेटीत टाकली. यात शूरपणाचं काही नाही. ती बघत होती म्हणून टाकली.

रविवार, २५ मे, गावी

असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. काल छोट्या विमानाने आलो. विमान धक्क्यापाशी पाण्यावर उतरलं तर आयरिस उभी. तिने काही विचारलं नाही. पोरीने तिला सगळं सांगितलंय हे तिच्या न विचारण्यावरूनच कळलं.

आई टेबलाशी बसून वाळवलेलं समुद्रशेवाळ निवडत होती. मी समोर बसलो.

"आई, बेडकाला दात आहेत."

तिचे हात थांबले नाहीत. "किती?"

"सबंध ओळ. सुळ्यांसकट."

"आणि कान?"

"होते. कुणीतरी कापलेत."

"वरचा?"

"गरुड आहे, आई."

तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माझी आजी सांगायची, आपला बेडूक तोंड मिटून हसायचा. मी त्या बागेत गेले तेव्हा मला वाटलं, शहरवाल्यांनी लाल रंग फासून त्याचं हसू घालवलं." पुन्हा एक खडा. "म्हणजे इतकी वर्षं मी त्या शहराला शिव्या घातल्या त्या लांडग्यासाठी. ऑर्विलला सांग, माझ्या शिव्यांची मजुरी दे म्हणावं."

मी हसलो. ती हसली नाही.

"मी मेल्यावर सांगितलं असतंस तर चाललं नसतं का?"

"चाललं असतं."

"मग?"

"रोवेनाने बघितलं होतं."

तिने आणखी एक खडा शोधून काढला. "मग बरं केलंस," म्हणाली. "पोरीला माहीत आहे आणि बाप लपवतोय, तसल्या घरात मला जेवण गेलं नसतं."

शेवाळ तसंच टाकून ती आत जाऊन पडली, भर दुपारी. शेवाळाच्या कामात वाकून बसावं लागतं, पाठ दुखत असेल. मी उरलेलं निवडून ठेवलं.

मंगळवार, २७ मे

ऑर्विल त्याच्या होडीत जाळं शिवत होता. मला बघून सुरू झाला: "या दाजी! काय, बेडकाने उडी मारली का?"

मी होडीत उतरलो आणि सांगितलं. कान, दात, खाच. सगळं एका दमात, कारण थांबलो असतो तर राहिलं असतं. तो खूप हसेल, गावभर नाचेल, असं मला वाटलं होतं. येताना रस्त्यात मी त्याची उत्तरं पण तयार केली होती.

तो जाळ्याच्या ढिगावर खाली बसला. "चेष्टा करताय?"

"नाही."

"नक्की?"

"कच्ची चोच बसवून बघितली. आपोआप बसली."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "दाजी, कुणाला सांगू नका. मला स्वतःला कधी पटलं नव्हतं. आई म्हणायची म्हणून मी म्हणत होतो. तुम्हाला चिडवायला मजा यायची म्हणून म्हणत होतो." मग म्हणाला, "आई हे ऐकायला हवी होती." पाण्याकडे तोंड करून बसला. मी पण बसलो. जाळं जवळ होतं म्हणून थोडं शिवलं.

जरा वेळाने मी म्हटलं, "आता दुसरा कारागीर बघा. शहराला मी कळवतो."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच शहरातून आलोय. "दुसरा कशाला? लांडग्याच्या खांबाला लांडग्यांनी हत्यार लावायचं नसतं. समोरच्या बाजूने करायचं. समोरची बाजू म्हणजे तुम्ही. आणि त्यातून घरचे जावई. तुमच्याइतका योग्य माणूस मी कुठून आणू?"

हा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. लोकांना शिकवलाय मी. खांब आमचा समजून मीच हत्यार लावलं तेव्हा मात्र 'ही नुसती दुरुस्ती' म्हणून स्वतःला सूट दिली होती. आणि तरीही तिथे जाळ्याची सुई हातात धरून बसलो होतो तेव्हा मला रोवेनाच्या मनगटाचं कळलं. दात दिसले त्या दिवसापासून तिने खांबाला हत्यार लावलं नव्हतं. स्वतःच्या घराच्या खांबाला लावायचंच नसतं. आणि रोज मला वाढत होती, आपल्या घरचं काम करणाऱ्याला वाढावं तसं. मी तिला डॉक्टरकडे जा म्हणत होतो.

बुधवार, २८ मे

संध्याकाळी लांडगा घराची माणसं रीतीप्रमाणे आमच्याकडे आली. ऑर्विलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने आईसमोर उभं राहून विचारलं, बेडूक घराने आमच्या खांबाचं काम करावं का. आईने त्याला मुद्दाम ताटकळत ठेवलं. चहा गार होईपर्यंत. मग म्हणाली, "तुझ्या आईने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तू विचारतोयस म्हणून हो."

ऑर्विल म्हणाला, "आईने विचारलंच नसतं."

"ते पण खरं," आई म्हणाली, आणि दोघं हसली. आयरिस स्वयंपाकघरातून बाहेर येऊन आमच्यात बसली. या विषयावर ती बाहेर बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

शनिवार, १४ जून, शहर

पालिकेची सभा. समितीतला एकजण म्हणाला, करार एका कुटुंबाशी झालाय, तो बदलला तर चुकीचा पायंडा पडेल. लिंडक्विस्टबाईंनी फोटो दाखवले. तरी तो तेच घोळवत बसला. मग आईला फोनवर घेतलं. तिने फार वेळ लावला नाही. "करार माझ्याशी झाला. मी सांगतेय, ते माझे लोक नाहीत. तुम्ही मला दुसऱ्याचे पूर्वज देऊ नका, मला घरात जागा नाही." सगळे हसले आणि हात वर झाले.

फोन ठेवताना आईचा आवाज बसला होता. सर्दी झाली असेल, तिकडे धुकं फार आहे.

गुरुवार, २६ जून

कान झाले. वाकसाने ढोबळ तासले, मग वाकड्या सुरीने. लांडग्याचे कान किंचित मागे झुकलेले हवेत, नाहीतर अस्वल दिसतं. सगळं आयुष्य मी पेट्यांवर, वल्ह्यांवर आमच्याच घराची चित्रं कोरली, बेडूक तर झोपेत कोरीन. इथे प्रत्येक कापाला विचार करावा लागतो. दुसऱ्याच्या पाहुण्याची दाढी करून द्यावी तसं.

रोवेना बाकावर बसून पटाशा आणि सुऱ्या पाजळते. धार लावायला हरकत नाही, असं तिने आजीला फोन करून विचारून घेतलंय. मधूनच म्हणते, "डावा जाड झालाय." झालेला असतो.

मंगळवार, १५ जुलै

चोच बसली. मूळच्याच खाचेत, देवदाराची, खाली वळलेली. एक खिळा नाही.

दात मी जसेच्या तसे ठेवले. त्यांना काही करायची गरजच नव्हती. लांबीने इतकी वर्षं झाकून ठेवले म्हणूनच टिकले.

मुक्कामाचा शेवटचा आठवडा. बागेतली पाटी काढली. ते शेंगदाणेवाले दोन म्हातारे रोज येतात. एकाने विचारलं, आता इथे काय येणार? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "माझी बायको गेली तेव्हा मी इथे येऊन बसायचो. तुमचा तो बेडूक बघत." मी त्याला सांगितलं की तो लांडगा होता. त्याने थोडा विचार केला. "चालेल," म्हणाला.

रविवार, १७ ऑगस्ट, गावी

आईला होडीने जुन्या गावात नेलं. तिचाच हट्ट. ऑर्विलने होडी चालवली, रोवेनाने तिला कडेवर घ्यावं तसं उचलून किनाऱ्यावर ठेवलं.

नेलेला खांब लांडग्याचा, तर इथे पडलेला आमचा. सरळ हिशेब, पण तो करायला कुणी धजत नव्हतं. ती जागा मला माहीत होती. मासेमारीला आलो की आम्ही तिथे शेकोटी करायचो आणि त्या ओंडक्यावर बसून चहा प्यायचो. त्याच्यावर आता हेमलॉकची झाडं उगवलीत, चांगली मनगटाएवढी. त्यांची मुळं दोन्ही बाजूंनी खाली उतरून त्याला धरून आहेत. मी एका ठिकाणी शेवाळ जरा बाजूला केलं. रुंद, पसरट ओठ. मिटलेले.

मी म्हटलं, "आई, काढायचा का? ऑर्विलकडे माणसं आहेत. राहिलंय तेवढं काढू, शेडमध्ये ठेवू."

"झाडांचं काय करशील?"

आईने हात पुढे केला, मी तिला वाकायला मदत केली. तिने त्या ओठांवर तळवा ठेवला. ऑर्विलने तोपर्यंत शेकोटी पेटवली होती. आईने भाजलेला मासा, समुद्रशेवाळ आणि सीलचं तेल आगीत घातलं आणि आमच्या माणसांची नावं घेतली, एकेक, सावकाश. ऑर्विल टोपी हातात धरून उभा होता. मग शेवाळ होतं तसं परत ओढून घेतलं, तिने स्वतःच, पांघरूण सारखं करतात तसं.

येताना ती होडीत झोपली. फार दमली असावी. तोंडावर काहीतरी असं होतं की मी ऑर्विलला इंजिन हळू कर म्हटलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

खांब उभा राहिला. दोर आमच्या बाजूने ओढले, तसंच असतं. पाऊस नव्हता, नुसतं धुकं. तो वर जाताना गरुडाचं डोकं धुक्यात गेलं आणि लांडगा तेवढा खाली राहिला, दात दाखवत. पोरं त्याला बघून ओरडली.

रात्रीपर्यंत जेवण. सभागृहात एका अंगाला लांडगा घर, यजमान. समोर आम्ही, पाहुणे. हेरिंगची अंडी, हॅलिबट, भात, बेरीचे डबे, कशाची कमी नव्हती. मी आयुष्यभर विचार केला होता की या दिवशी मी उभा राहून बोलेन. भाषण तयार होतं, सुधारून सुधारून. ऑर्विल बोलला. बरा बोलला. आईचं नाव घेताना अडखळला, तेव्हा आमच्या बाजूने आईच ओरडली, "बोल रे, ती ऐकतेय!"

मग काम करणाऱ्यांचा मान. यजमानांनी नाव पुकारायचं, कामकऱ्याने उठायचं. मला वाटलं ऑर्विल पुकारेल. रोवेना उठली. अंगावर लांडग्याचं चित्र असलेलं पांघरूण, तिच्या आजीचं, आयरिसच्या आईचं. ते पेटीतून कधी काढलं, कधी तिच्या मापाचं केलं, मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तिने मला बाबा म्हटलं नाही. तिथे तसं म्हणायचं नसतं. तिने माझं खरं नाव पुकारलं, माझ्या आईच्या मामाकडून मला आलेलं, मोठ्याने, एकही अक्षर न चुकवता. मी उठलो. मधली मोकळी जागा ओलांडून ती माझ्यापर्यंत आली, माझ्या खांद्यावर नवी घोंगडी घातली आणि दोन्ही हातांनी नीट केली. "आमच्या घराचं काम तुम्ही केलंत," ती म्हणाली. "आमचे लोक आता कुणालाही दिसतील." यजमानाने बोलायचं ते एवढंच असतं. कामकऱ्याने उत्तर द्यायचं नसतं, ते एक बरं होतं.

ती परत गेली आणि तिच्या माणसांत, आयरिसशेजारी उभी राहिली. मी बसलो. घोंगडी गरम होती. समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं.

शेजारून आईने कोपर मारलं. "रडू नकोस," म्हणाली. "लोकांना वाटेल, कमी दिलं."